ई-स्कूटर सहा आठवडे सर्व्हिस सेंटरला पडून आहे, पैसे परत मिळतील का?

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. पंधरा महिन्यांपूर्वी मिस्टरांच्या नावावर इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, ऑन-रोड 1 लाख 24 हजार, त्यातले 30 हजार रोख आणि बाकीचं फायनान्स. ताई घरून डबे करतात आणि स्वतःच अंबड एमआयडीसीत पोचवतात, गाडी घेतली ती त्यासाठीच. तीन-चार महिन्यांत गाडी चालता चालता बंद पडायला लागली, स्क्रीन काळी होते आणि पॉवर जाते, एकदा तर गरवारे पॉइंटजवळ हायवेला मागून ट्रक येत असताना. चार वेळा सर्व्हिसला दिली, दरवेळी सॉफ्टवेअर अपडेट केलं म्हणून परत दिली. आता पाचव्यांदा गाडी सहा आठवडे तिकडेच आहे आणि म्हणतात बॅटरीत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, 46 हजार भरा. डीलर कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनीच्या ॲपवर तक्रार टाकली की दोन दिवसांत तिकीट आपोआप बंद. एका चार्जिंगला रेंज 110 किमी सांगितली होती, मिळते 60. ताई विचारतात की पैसे परत मिळतील का, हप्ते थांबवू का, डीलर जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये घ्यायला तयार आहे ते करू का, आणि डीलर असंही म्हणाला की बिल नवऱ्याच्या नावावर आणि गाडी धंद्याला वापरता, तर ग्राहक कोर्ट तुम्हाला उभंच करणार नाही, ते खरं का.

ताई, आधी एक सांगतो, कायद्याचं नंतर. उद्या त्यांनी गाडी दुरुस्त झाली म्हणून फोन केला तरी लगेच डबे लावून हायवेला काढू नका. चालत्या गाडीची पॉवर जाणं ही साधी तक्रार नाहीये, जिवाशी खेळ आहे, आणि काय दोष होता, कोणता पार्ट बदलला हे लेखी मिळत नाही तोवर ती दुरुस्त झाली असं मी तरी धरणार नाही. तुमच्या केसचा गाभाही तोच आहे. पत्रात तुम्ही रेंजवर जास्त लिहिलंय आणि बंद पडण्यावर चार ओळी, तक्रारीत हे उलटं करायचं.

डीलर जे म्हणाला ते चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(7) मध्ये ग्राहक म्हणजे नुसता बिलावर नाव असलेला माणूस नाही, त्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्ती पण ग्राहक आहे. त्यामुळे तक्रारीत तक्रारदार 1 मिस्टर आणि तक्रारदार 2 तुम्ही, दोघांची नावं टाका म्हणजे वादच नको. धंद्याचं म्हणाल तर व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्यातून वगळली आहे हे खरंय, पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे की फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरली तर ते व्यापारी कारण धरत नाहीत. सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगून ठेवलंय की स्वतः चालवायला रिक्षा घेणारा माणूस ग्राहक आहे. तुमचं त्याहून वेगळं काय आहे? चार स्कूटर घेऊन पोरं ठेवली असती तर मला विचार करावा लागला असता. एक गाडी, चालवणाऱ्या तुम्ही, त्यावर घर चालतं, हे तक्रारीत पहिल्या पानावर सरळ लिहा. डब्यांचा धंदा लपवू मात्र नका, काही जण घाबरून घरगुती वापर असं लिहितात आणि मग समोरचा वकील डब्यांच्या ऑर्डरचा एखादा मेसेज दाखवतो आणि चांगली केस संशयात जाते.

आता पैसे परत. मिळू शकतात, कलम 39 मध्ये ग्राहक आयोगाला, म्हणजे तुम्ही ग्राहक कोर्ट म्हणता त्यालाच, सगळे अधिकार आहेत, दोष काढून द्या, गाडी बदलून द्या, किंमत व्याजासकट परत करा, वर नुकसानभरपाई आणि खर्च. पण गाडी बिघडली म्हणून पैसे परत असं आपोआप होत नाही हे नीट समजून घ्या. 2006 मध्ये एका कारच्या क्लचच्या भांडणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की वॉरंटीत जर खराब पार्ट दुरुस्त करू किंवा बदलू एवढंच लिहिलंय तर पार्ट बदलून मिळेल, अख्खी गाडी नाही. कंपनीचे वकील हा निकाल काढणारच. त्याला उत्तर तुमच्या चार व्हिजिट. तोच दोष, तीच तक्रार, चार वेळा दुरुस्त केली म्हणून सांगितलं आणि पाचव्यांदा गाडी परत तिथेच, म्हणजे एकतर हा उत्पादकीय दोष आहे, गाडी बनवतानाच राहिलेला, नाहीतर ह्यांना दुरुस्तीच करता येत नाही, आणि दुसरं असेल तर ती सेवेतली त्रुटी झाली. म्हणून मागणी दोन पायऱ्यांची ठेवायची, मुख्य मागणी किंमत परत, आणि ते नाही तर पर्यायाने नवीन बॅटरी पॅक आणि कंट्रोलर मोफत, त्यावर नव्याने पूर्ण वॉरंटी. फक्त पैसे परत मागितले आणि उत्पादकीय दोष सिद्ध झाला नाही तर हातात फार थोडं पडतं. आणि दिले पैसे तरी पंधरा महिने वापराची थोडी वजावट होऊ शकते, त्याची मनाची तयारी ठेवा.

पण चार व्हिजिट कशावर दाखवणार? जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिसला देताना तक्रार आणि काम लिहितात त्या कागदावर. तुम्ही लिहिलंय की पहिल्या दोन वेळेला काही दिलंच नाही, "मॅडम, सिस्टममध्ये आहे" म्हणाले. सिस्टममध्ये आहे तर प्रिंट द्या म्हणावं, आजच ईमेल टाका की गाडी नंबर अमुक, आतापर्यंतची सगळी जॉब कार्डं आणि सर्व्हिस हिस्टरी सात दिवसांत द्या. व्हॉट्सॲपवर सर्व्हिस ॲडव्हायझरशी जे बोलणं झालं ते डिलीट करू नका, फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप घ्या. स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागतं, ते वकील करून देतात. आणि जी जॉब कार्डं आहेत ती काढून बघा काय लिहिलंय, बऱ्याचदा आपण सांगतो "गाडी चालताना बंद पडते" आणि तो लिहितो "जनरल चेकअप". तसं लिहिलं असेल तर त्याच ईमेलमध्ये कळवा की मी दिलेली तक्रार ही होती, तुम्ही चुकीची नोंद केलीय. गाडी घेताना ज्या कागदावर सही घेतात, काम समाधानकारक झालं म्हणून, तिथे सहीच्या वर "चालवून पाहून कळवते" एवढं पेनाने लिहायची सवय लावा, एवढ्या तीन शब्दांनी पुढचं खूप वाचतं.

ह्याच मेलमध्ये अजून एक ओळ हवी, की गाडी मी सोडून दिलेली नाही, वॉरंटीतल्या दुरुस्तीसाठी तुमच्या ताब्यात आहे आणि तिची जबाबदारी तुमची. नाहीतर उद्या पार्किंग चार्जेस लावतात.

पाणी गेलं ह्या कारणावर मला खरंच राग येतो, कारण पावसाळ्यात नाशिकमध्ये गाडी भिजणार नाही तर काय होणार, ती घरात ठेवायला विकली होती का? तुमच्या गाडीचं ब्रोशर काढा, बॅटरीसमोर आयपी67 लिहिलेलं आहे असं तुम्हीच पाठवलंय. आयपी67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी आत पाणी जायला नको. मग पावसात चालवून पाणी आत गेलं असेल तर सीलमध्येच दोष आहे, तो तुमच्या नाही त्यांच्या खात्यावर. आणि वॉरंटी नाकारायची तर नाकारण्याचं कारण सिद्ध करणं त्यांचं काम. लेखी मागा, बॅटरी कधी उघडली, कोणी उघडली, तुम्हाला का बोलावलं नाही, पाणी नेमकं कुठे दिसलं, फोटो कुठेत. तुमच्यासमोर न उघडता काढलेल्या फोटोवर भरवसा ठेवायचं काही कारण नाही. आणि 46 हजार भरू नका, अगदीच नाइलाज झाला आणि धंद्यासाठी गाडी हवीच असेल तर "हरकत नोंदवून, हक्क राखून भरत आहे" असं आधी मेलवर लिहून मग भरा.

रेंजचं थोडक्यात. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा लॅबमधल्या ठरावीक चाचणीचा असतो आणि ब्रोशरखाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, डब्यांचं ओझं आणि उड्डाणपुलाचे चढ त्यात नसतात. नुसत्या रेंजवर केस उभी करू नका. पण सेल्समनने व्हॉट्सॲपवर "110 किमी गॅरंटी" असं लिहून दिलं असेल तर ती दिशाभूल होते, अनुचित व्यापारी प्रथा म्हणून ते जरूर जोडा.

दोष सिद्ध कसा करायचा हा सगळ्यात अवघड भाग आणि इथेच जास्त केसेस पडतात. कलम 38 खाली आयोग वस्तू लॅबकडे तपासणीला पाठवू शकतो, फी सुरुवातीला तक्रारदाराला भरावी लागते, आपल्याकडे पुण्यात एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे पण खर्चाचा अंदाज घेतल्याशिवाय तिथपर्यंत जाऊ नका. त्याआधी एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या किंवा तंत्रनिकेतनच्या इलेक्ट्रिकल वा ऑटोमोबाइलच्या प्राध्यापकाचा रिपोर्ट आणि त्याचं ॲफिडेव्हिट चालतं का बघा. आणि एक गोष्ट जी पेट्रोल गाडीच्या केसमध्ये नव्हती आणि आता आहे, ती म्हणजे डेटा. तुमची गाडी ॲपला जोडलेली आहे, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टममध्ये तापमान, व्होल्टेज, एरर कोड सगळं नोंदलं जातं आणि ते कंपनीकडे आहे. नोटीसमध्ये तारखा देऊन मागा, ज्या दिवशी गाडी बंद पडली त्या दिवसांचा लॉग द्या आणि जपून ठेवा. नाही दिला तर आयोगासमोर अर्ज करून हजर करायला लावा, स्वतःकडचा पुरावा जो लपवतो त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येतो. माझ्या मते तुमच्यासारख्या केसमध्ये हा अर्ज लॅबपेक्षाही आधी करावा.

हप्ते थांबवू नका. कितीही चीड आली तरी नाही. फायनान्स कंपनीचा करार वेगळा आहे, तिने गाडी बनवली नाही, हप्ता चुकला की दंड, सिबिल खराब आणि वसुलीवाले दारात, आणि उद्या तुम्हाला डब्यांसाठी दुसरी गाडी घ्यायची वेळ आली तर कर्ज मिळणार नाही. भरलेलं व्याज मात्र नुकसानीत मागा. तसंच सहा आठवडे रिक्षाने डबे पोचवले त्याचे पैसे यूपीआयने दिले असतील तर स्टेटमेंट काढा, बंद झालेल्या डब्यांचा हिशोब वहीत असेल तर ती वही जपा. मागणी हिशोबात बसेल एवढीच करा, पाच-दहा लाख मानसिक त्रासाचे लिहून काही वाढून मिळत नाही.

प्रक्रिया फार अवघड नाही. आधी डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांना स्पीड पोस्टने आणि ईमेलने नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन. मधल्या वेळात 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिथे निकाल मिळत नाही पण कंपनीचा ॲपमागचा खरा माणूस कधी कधी तिथूनच जागा होतो. मग नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार, दोघांना सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करून, वैयक्तिक आणि संयुक्त जबाबदारी मागून, म्हणजे पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही घेता येईल अशी, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवणं संपतं. बिलाच्या मागे "वाद फक्त बंगळुरूच्या कोर्टात" असं छापलंय म्हणून घाबरलात ते सोडा, 2019 च्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या किंमतीला फी नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही. तरी कंपनीचा वकील येणार असेल तर निदान तक्रार आणि ॲफिडेव्हिट कुणाकडून तरी तपासून घ्या. मुदत दोन वर्षांची आहे, आम्ही ती खरेदीच्या तारखेपासून धरूनच चालतो म्हणजे वाद राहत नाही, त्यामुळे तुमच्याकडे नऊ महिने आहेत पण ते वापरू नका, महिन्याभरात दाखल करा. सामनेवाल्यांना उत्तराला 30 दिवस आणि फार तर अजून 15, त्यापुढे नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल, प्रत्यक्षात जास्त लागतो हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं.

आता ते एक्स्चेंज. डीलर म्हणतो जुनी गाडी 40 हजारात घेतो, नवीन मॉडेल घ्या. पंधरा महिन्यांच्या, वॉरंटीतल्या, त्यांनीच बिघडलेली विकलेल्या गाडीचे 40 हजार, आणि जुनं कर्ज तुमच्याच डोक्यावर राहून वर नवीन कर्ज. शिवाय एक्स्चेंजच्या फॉर्ममध्ये "कोणतीही तक्रार शिल्लक नाही" अशी ओळ असू शकते, तिच्यावर सही झाली की मी वर लिहिलेलं सगळं संपलं, आणि गाडी त्यांच्या ताब्यात गेली की तपासायला पुरावाही उरत नाही. तडजोड वाईट नसते, पण ती ह्या आकड्याला नाही. नोटीस गेल्यावर त्यांचा फोन येण्याची शक्यता आहे, तेव्हा जे काही बोलतील ते मेलवर टाका म्हणायचं, आणि जुनं कर्ज त्यांनी बंद करून एनओसी देणं आणि भरलेले 30 हजार परत, ह्याच्या खाली मिस्टरांना कुठेही सही करू देऊ नका, बिल त्यांच्या नावावर आहे म्हणून डीलर तुम्हाला टाळून त्यांनाच फोन करेल. त्यांना हे आजच वाचायला द्या.