मोट बांधण्याआधी

दांडिया बाजार, बडोदे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

स्पर्धेसाठी काढलेल्या तुझ्या कॉमिकची ३२ पानं दोनदा वाचली. पहिल्याच पानावर सूरसागरच्या काठी सहा वीर ओळीनं उभे आहेत. हात तुझा सुरेख चालतो. पण हे सहाजण एकत्र का आले, ते शेवटच्या पानापर्यंत कळलं नाही.

तेव्हा मला ‘द चॅम्पियन्स’ हे जुनं अमेरिकन कॉमिक आठवलं. विद्यार्थी असताना मांडवीजवळ एका पस्तीवाल्याकडे, म्हणजे रद्दीवाल्याकडे, त्याचे काही अंक मिळाले होते, उरलेले पुढे एकेक करून जमवले. परवा ते पुन्हा काढले. कागदाच्या कडा चहाच्या रंगाच्या झाल्यात, पिना गंजून मधल्या पानांवर तांबडे डाग उतरलेत. मार्व्हल या प्रकाशकानं ते ऑक्टोबर १९७५ मध्ये सुरू केलं आणि जानेवारी १९७८ च्या १७ व्या अंकाला बंद केलं. संघ पाचजणांचा: पूर्वी मार्व्हलच्याच एक्स-मेन या संघात असलेले एंजल आणि आइसमॅन, रशियाची माजी हेर ब्लॅक विडो, ग्रीक पुराणातला हर्क्युलिस आणि घोस्ट रायडर.

लेखक टोनी इसाबेला यांच्या मनात मुळात दोघंच होते. एंजल आणि आइसमॅन, देशभर भटकणारे दोन मित्र. संपादक लेन वीन यांचं म्हणणं पडलं की संघ म्हटला की पाच तरी हवेत. त्यात एक स्त्री, एक अचाट ताकदीचा, आणि एक असा की ज्याचं स्वतःचं कॉमिक चालू आहे. झालं, मोट बांधली गेली. पहिल्या गोष्टीत पाताळाचा स्वामी प्लूटो लॉस एंजेलिसच्या विद्यापीठावर चालून येतो, आणि ही मंडळी नेमकी तिथेच असतात. पुढे एंजलच्या पैशावर संघ उभा राहतो. पैसा होता, जागा होती, पण एकमेकांची गरज कुणालाच नव्हती.

तरीही ते अंक मी टाकून देऊ शकलो नाही, कारण त्यात काय काय होतं बघ. मार्व्हलचे बहुतेक वीर न्यूयॉर्कमध्ये राहायचे, हे लॉस एंजेलिसला आले. १९७५ साली संघाची नायक एक स्त्री, आणि तिच्या हाताखाली चक्क एक देव! घोस्ट रायडर म्हणजे जॉनी ब्लेझ. सांभाळणाऱ्या बापाचा कॅन्सर बरा व्हावा म्हणून त्यानं सैतानाला आत्मा विकला. आणि शेजारी बसलाय हर्क्युलिस, ज्याला मरणच नाही. मरण टळावं म्हणून सर्वस्व गमावलेला एक, आणि मरण म्हणजे काय हे ठाऊक नसलेला दुसरा. या दोघांना एका रात्री जेवायला बसवलं असतं तरी गोष्टीला कणा मिळाला असता. ती रात्र कुणी लिहिली नाही. आठव्या अंकापासून लेखन बिल मँटलोंकडे गेलं. चित्रकार तर बदलतच राहिले: डॉन हेक, जॉर्ज टस्का, बॉब हॉल. अकराव्या अंकाला जॉन बर्न आले आणि पानं हलू लागली, पण तोवर उशीर झाला होता. संघ फुटल्याची हकीकतसुद्धा स्पायडरमॅनच्या कॉमिकमध्ये सांगावी लागली. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आता तुझं पान १९ काढ. तिथे पोशाख नाहीत, शक्ती नाहीत. ती मुलगी आणि तो रिक्षावाला सेवउसळीच्या गाडीवर उभे आहेत. त्याला तिखट झेपत नाही, तरी तो तिच्यासमोर तर्री मागतो; ती न बोलता आपला पाव त्याच्या ताटलीत ठेवते. चार चौकटी, एकही संवाद नाही. तुझं कॉमिक इथे सुरू होतं.

बाकीचे चौघे तूर्त बाजूला ठेव. संघ म्हणजे सहा हवेतच, असं मित्र सांगतील, स्पर्धेचे नियमही सांगतील. ऐकू नकोस. या दोघांचं एखादं काम अडू दे. ते ज्याच्यावाचून अडेल, तोच तिसरा. मग त्याचा पोशाख काढ.

रविवारी सकाळी घरी ये. अंक काढून ठेवलेत. बर्नचे आधी उघडू नकोस, पहिल्यापासून वाच, आणि जिथे दोघांनी बोलायला हवं होतं असं वाटेल तिथे पेन्सिलीनं बारीक खूण कर. माझ्या जुन्या खुणा दिसतील. त्या पुसू नकोस.

तुझा,
सर