‘मॅडम, मी आता खोटं लिहितो’

चाळिशीनंतर क्षेत्र बदललेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा प्रत्येकाचं वाक्य वेगळं असतं, सल एकच. आधीच्या कामाशी आपण बेइमानी केली. या महिन्यात तिघांनी हेच बोलून दाखवलं, म्हणून एका पत्रकाराची हकिकत सांगते. त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अठरा वर्षं बातमीदारी करून त्यांनी नोकरी सोडली आणि पटकथा लिहायला घेतली. सिनेमा उद्याच्या मराठवाड्याचा. धरणं कोरडी, पाणी टँकरवाल्या टोळ्यांच्या ताब्यात, मारधाड भरपूर. मानधन वेळेवर मिळत होतं, पण झोप उडाली होती आणि शेवट लिहायला बसलं की हात चालत नव्हता.

“मॅडम, आयुष्यभर खरं लिहिलं. आता खोटं लिहितो.”

“ते खरं आहे असं कुणाला सांगताय का?”

“नाही. पण मी लिहिलेलं खरंच असलं पाहिजे.”

ते वाक्य मी कागदावर लिहायला लावलं आणि ‘च’भोवती गोल काढायला सांगितला. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते, म्हणजे ‘असंच असलं पाहिजे’ हा मनातला हट्ट शोधून तो सोडायला शिकवते, आणि या एका अक्षराने माझ्यासमोर कितीतरी गाठी सुटल्या आहेत. इथे मात्र सुटली नाही. ते हसले, “पटतंय” म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात तसेच जागरणाचे डोळे घेऊन आले.

मग मी त्यांना अडलेला प्रसंग वाचायला सांगितला. मध्यरात्री रांगेत एक बाई. पायाशी घागर, घागरीच्या गळ्याला काळी चिंधी, गर्दीत आपली ओळखू यावी म्हणून.

“ही चिंधी कुठून आली?”

ते बराच वेळ गप्प बसले. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने घाई केली तर हाती आलेलं निसटतं.

2016 चं लातूर. पाण्यावरून भांडणं नकोत म्हणून मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदीचं कलम 144 लावलं होतं. रात्री दोन वाजता एका बाईने त्यांना सगळं सांगितलं. “छापून आलं की दाखवायला येतो, मावशी,” असं म्हणून ते निघाले. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती बातमी मोठी झाली. मावशी चार ओळींत आटोपली. ते परत गेलेच नाहीत.

तेव्हा मला उमगलं, सिनेमाने त्यांना अपराधी केलंच नव्हतं. जुनं देणं त्याने वर काढलं होतं. म्हणून मी आता प्रत्येकाला आधी विचारते, शब्द कुणाला दिला होता? माणूस सापडला तर त्याच्याकडे जा. उशीर झाला असला तरी जा. कुणीच सापडत नसेल, तर तो ‘च’ तुमचा तुम्हीच घातलेला आहे आणि तो काढायचा सराव रोज करावा लागतो. दोन्हींवर एकच औषध चालत नाही, हे मला या माणसाने शिकवलं.

ते लातूरला गेले. मावशी त्याच वस्तीत भेटल्या. कात्रण दाखवून झाल्यावर त्यांनी तो प्रसंगही वाचून दाखवला. मावशींनी मधेच थांबवलं.

“काळी कशाची? हिरवी व्हती. माझ्या इरकलीचा काठ व्हता.”

पटकथेत चिंधी आता हिरवी आहे.