शंकासमाधान : पैदाशीसाठी कोंबडा कोणता ठेवावा?

प्रश्न : मंगळवेढा तालुक्यात आमची कोरडवाहू शेती असून घरी असील जातीच्या पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. यंदाच्या पिल्लांतील अकरा नर आता पाच महिन्यांचे झाले आहेत. त्यांतला एक बाकीच्या सर्वांना मारून हाकलतो. तोच पैदाशीला ठेवावा, असे वडिलांचे म्हणणे आहे. गेल्या मे महिन्यात खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या तेरा अंड्यांतून चारच पिल्ले निघाली. जुना कोंबडा निकामी झाला, असे समजावे काय?

उत्तर : आधी जुन्या कोंबड्याची बाजू मांडतो, कारण त्याच्यावर आरोप झाला आहे आणि पुरावा मात्र तपासलेला दिसत नाही. सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. अंडी घरात टोपलीत आठ-दहा दिवस साठवली असतील, तर साधारण २५ अंशांच्या पुढे अंड्यातील गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि कोंबडी अंड्यांवर बसण्यापूर्वीच मरतो. असे अंडे फुटले नाही, तर त्यात कोंबड्याचा दोष नसतो. उबवणीच्या सातव्या दिवशी रात्री अंडे विजेरीच्या उजेडासमोर धरून पाहावे. लाल शिरांचे जाळे दिसले तर गर्भ जिवंत आहे, नुसते रक्ताचे कडे दिसले तर तो वाढू लागून मेला आहे, आणि अंडे आरपार स्वच्छ दिसले तर ते बहुधा फळलेलेच नाही. खात्रीसाठी ताजी दोन-तीन अंडी ताटलीत फोडावीत : फळलेल्या अंड्याच्या बलकावर कड्याकड्यांचा फिकट ठिपका दिसतो, तर न फळलेल्या अंड्यावर लहानसा घट्ट पांढरा डाग असतो. एवढी तपासणी करून मगच कोंबड्याला दोष द्यावा.

उन्हाचा परिणाम कोंबड्यावरही होतो, हे खरे. कडक उन्हाळ्यात त्याच्या वीर्याची प्रत घसरते आणि ऊन ओसरल्यानंतरही ती पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात. म्हणून आपल्या भागात पैदाशीची अंडी दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत जमवावीत, असे माझे मत आहे. अंडी ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात, निमुळते टोक खाली करून ठेवावीत आणि शक्यतो सात दिवसांच्या आत उबवायला घालावीत. खुराड्याच्या पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर घातला आणि दुपारी पाण्याची भांडी दोनदा बदलली, तर कोंबडाही निभावतो.

आता अकरा नरांविषयी. वडिलांच्या नजरेचा मान राखूनही सांगावेसे वाटते की, पाचव्या महिन्यात दांडगाई करणारा नर हा बहुतेक वेळा फक्त लवकर वयात आलेला असतो. असील ही सावकाश भरणारी जात आहे. तिचा बांधा आठ-दहा महिन्यांपर्यंत पक्का होत नाही. तोपर्यंत निवड लांबवावी, पण छाटणी मात्र आताच सुरू करावी. चोच वाकडी, शेपटी एका बाजूला कललेली, बोटे मुडपलेली किंवा मागून पाहिल्यास दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकलेले, असे नर आजच वेगळे काढावेत. ते खाण्याला वा विक्रीला चालतील, पैदाशीला नाही. उरलेले चार-पाच नर सहा महिन्यांनंतर पुन्हा पाहावेत.

पाहणे म्हणजे दुरून न्याहाळणे नव्हे. दिवस मावळल्यावर, पक्षी आडूवर, म्हणजे रात्री बसायच्या आडव्या दांडीवर, बसले की, एकेक अलगद उचलून मांडीवर घ्यावा. बोट छातीच्या हाडावरून पुढून मागे फिरवावे : हाड सरळ आणि दोन्ही बाजूंना मांस भरलेले लागले पाहिजे, मध्येच खळगा किंवा वळण लागले तर तो बाद. मग पाय उलटा करून तळवा पाहावा. असीलचा भरदार कोंबडा चार किलोंच्या आसपास जातो. उंच आडूवरून कडक जमिनीवर रोज उड्या मारून तळव्याला गाठ येते, तिच्यावर काळी खपली धरते आणि पुढे तो मादीवर चढायचे टाळू लागतो. हा दोष वंशाचा नसून आपल्या बांधणीचा आहे, त्यामुळे आडू गुडघ्याइतक्याच उंचीचा ठेवावा आणि खाली भाताचे तूस पसरावे. त्यानंतर तुरा पाहावा. असीलचा तुरा लहान, वाटाण्याच्या ओळींसारखा आणि डोक्याला चिकटलेला असतो. उभा, करवतीसारखा तुरा दिसला तर मिश्रणाचा संशय धरावा. तब्येतीची माहिती तुऱ्याच्या रंगावरून मिळते, वंशाची मात्र कमीच.

वंशासाठी विचारायचे ते आईला. पंढरपुरी म्हशीसाठी रेडा घेताना त्याच्या आईचे दूध किती होते, हे आपल्याकडे कोणीही विचारतो. कोंबड्याच्या बाबतीत मात्र आपण त्याचा रुबाब पाहून भुलतो. कोंबडा अंडी घालत नाही, पण त्याच्या मुलींच्या अंड्यांमागे निम्मा वारसा त्याचा असतो. खाण तशी माती, असे म्हणतात ते याच अर्थाने घ्यावे. पाच कोंबड्यांपैकी जी सर्वांत नियमित अंडी घालते, नीट खुडूक बसते आणि पिल्ले घारी-मांजरांपासून वाचवून वाढवते, तिचा मुलगा थोडा ठेंगणा असला तरी मी तोच ठेवीन. मी स्वतः एकदा सर्वांत देखणा नर ठेवला होता आणि त्याची आई कोणती, हे मला ठाऊकही नव्हते. दुसऱ्या वर्षी त्याच्या तलंगांनी, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबड्यांनी, पंधरा-पंधरा अंड्यांत हात टेकले. तेव्हापासून पिल्लू निघाले की, आईप्रमाणे वेगळ्या रंगाचे कडे पायात घालतो. पाय वाढतो तसे कडे बदलावे लागते, हे मात्र विसरू नये.

आई ठाऊक असण्याचा दुसरा उपयोग नात्यासाठी आहे. तुमच्याकडे बाप एकच असल्याने अकराही नर एकमेकांचे सख्खे किंवा सावत्र भाऊ आहेत आणि यंदाच्या तलंगा त्यांच्या बहिणी. सख्ख्या भावंडांच्या संगमातून झालेल्या पिल्लांत जवळच्या नात्याचे प्रमाण २५ टक्के, तर सावत्र भावंडांत साडेबारा टक्के मोजले जाते, आणि ते वाढत गेले की, अंडी कमी फळतात आणि पिल्ले अशक्त निघतात. बाप-लेकीचा हिशेबही २५ टक्क्यांचाच. तेव्हा निवडलेला नर त्याच्या आईला वगळून उरलेल्या चार जुन्या कोंबड्यांना द्यावा, अर्थात त्या परस्परांच्या नात्यातल्या नसल्या तर. आणि यंदाच्या तलंगांसाठी दुसऱ्या तालुक्यातील एखाद्या असील पाळणाऱ्याशी नराची अदलाबदल करावी. बाहेरून आलेला कोंबडा तीन आठवडे वेगळा ठेवावा, त्याला मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिली आहे का हे विचारून घ्यावे आणि मगच कळपात सोडावा. आधीच्या कोंबड्याचे वीर्य मादीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकते; म्हणून कोंबडा बदलल्यावर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खाण्याला वापरावीत, नाहीतर बाप चुकीचा लिहिला जाईल.

खाद्याविषयी एवढेच : आपली ज्वारी, थोडा मका आणि शेंगदाणा पेंड यावर कोंबडा उत्तम राहतो. अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य त्याला कायम घालू नये. त्यातील जादा कॅल्शियम नराच्या मूत्रपिंडांना घातक ठरते.

प्रश्न : बार्शीजवळच्या आमच्या गावी एका विक्रेत्याकडून कडकनाथची तीस पिल्ले आणली. तलंगा काळ्याभोर झाल्या, पण नरांची कातडी पंखाखाली फिकट दिसते. उन्हाने असे होते, असे विक्रेता सांगतो. यांतला नर पैदाशीला ठेवावा का?

उत्तर : ठेवू नये. उन्हाने कातडीचा वंश बदलत नाही, आणि तसे असते तर ऊन तलंगांनाही लागलेच असते. तुमचे निरीक्षण नेमके असल्याने खुलासा सोपा आहे. कोंबड्यांत नराकडे लिंगाची दोन सारखी गुणसूत्रे असतात आणि मादीकडे त्यांपैकी एकच. मादी ते बापाकडून घेते, नर मात्र एक बापाकडून आणि एक आईकडून घेतो. गावरान कोंबडीच्या याच गुणसूत्रावर कातडीतला काळेपणा रोखणारा घटक असतो. शुद्ध कडकनाथकडे तो नसतो. त्यामुळे कडकनाथ कोंबडा गावरान कोंबड्यांवर सोडला की, मुली काळ्या होतात आणि मुलगे आईचा घटक घेऊन फिकट होतात. काळ्या कातडीच्या सिल्की कोंबड्यांवर प्रयोग करून बेटसन आणि पनेट या इंग्रज आनुवंशशास्त्रज्ञांनी ही रीत १९११ मध्येच मांडली होती.

म्हणजे तुमच्या काळ्याभोर तलंगाही अर्ध्या गावरानच आहेत. त्या अंड्यांसाठी खुशाल पाळाव्यात, परंतु त्यांची पिल्ले कडकनाथ म्हणून विकू नयेत. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या नावाला भाव आला आणि काळा रंग हीच ओळख समजली जाऊ लागली. यापुढे तलंग विकत घेताना तिचे भाऊ दाखवायला सांगावे. नुसत्या तुऱ्यावर जाऊ नये, कारण चांगल्या कडकनाथ नराच्या तुऱ्यातही जांभळट-लालसर झाक येते. जीभ, पायांचे खवले आणि पंखाखालची कातडी पाहावी.

प्रश्न : सोलापूर शहरात घरामागच्या मोकळ्या जागेत माझे दोन असील कोंबडे आहेत. दोघे समोरासमोर येताच रक्तबंबाळ होतात. झुंजीसाठी त्यांना चांगली किंमत मिळेल, असे सांगणारेही भेटतात.

उत्तर : झुंजी लावणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे त्या किमतीचा विचार सोडावा. दोघांमध्ये नुसती जाळी पुरत नाही. जाळीतून एकमेकांना पाहून ते चोचीने तार ओढत राहतात आणि तुरे फाडून घेतात. मध्ये दोन फूट उंचीपर्यंत फळी किंवा पत्रा लावून नजर तोडावी. एकाला सहा ते आठ कोंबड्या दिल्यास दुसरा राखीव ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण उन्हाळ्यात एक गेला तर वर्षाची पैदास बुडत नाही.