रोज हायवे आणि रविवारी पाणंद, दोन्हीला चालणारी ड्युअल-स्पोर्ट गाडी कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची पाच फूट पाच, रोज कोल्हापूर ते कागल फाइव्ह स्टार एमआयडीसी, रविवारी पन्हाळा-गगनबावड्याकडचे कच्चे रस्ते. रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० घ्यावी की हीरोची एक्सपल्स २१०? दसऱ्याला गाडी दारात हवी आहे.

माझं उत्तर एक्सपल्स. पण का ते नीट सांगतो, कारण मी स्वतः आधी उलटा निर्णय घेऊन बसलो होतो.

माझी पहिली गाडी दोनशे किलोंच्या घरातली होती. कुठली ते महत्त्वाचं नाही, दोष माझाच. जुलै महिना, गगनबावड्याच्या अलीकडे डांबरी सोडून एका पाणंदीत शिरलो. ट्रॅक्टरनं पाडलेली चाकोरी, तीत पाणी, खाली तांबडा चिखल. ‘चाकोरीबाहेर’ हा शब्द भाषणात किती सोपा वाटतो! पुढचं चाक चाकोरीतून बाहेर काढायला हँडल वळवलं आणि गाडी उजव्या अंगावर झोपली. वेग असेल ताशी दहा. मला खरचटलंही नाही. पण गाडी उठेना. जोर लावला की माझेच बूट घसरायचे. पावसाची खोळ डोक्यावरून घेतलेले एक काका बांधावरून बराच वेळ बघत होते. शेवटी खाली उतरले, मागून कॅरिअर धरलं आणि म्हणाले, “काय पावणं, घ्यायच्या आधी उचलून बघितली न्हवती व्हय?”

मी खरंच बघितली नव्हती. शोरूममध्ये सगळे बसून बघतात, आरशात स्वतःला बघतात. आडवी पडलेली गाडी एकट्यानं उभी करता येईल का, हे कोण बघतं?

उचलायची रीत पुढं एका मित्रानं शिकवली. इंजिन बंद करायचं, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची म्हणजे ती पळत नाही. उजवीकडं पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा, नाहीतर उभी करता करता पलीकडं जाते. मग गाडीकडं पाठ करून सीटला टेकायचं, एका हातानं हँडलचं खालचं टोक आणि दुसऱ्यानं मागचं ग्रॅब रेल धरायचं आणि पाठ न वाकवता मांड्यांच्या जोरावर बारीक पावलं टाकत मागं रेटत उठायचं. पेट्रोल सांडलं असेल तर स्टार्टरला हात लावायची घाई नको.

आता तुमच्या दोन गाड्या. कागदावर सीटची उंची जवळजवळ सारखी, हिमालयन ८२५ मिलिमीटर, एक्सपल्स ८३०. तुमच्या उंचीला दोन्हींवर चवड्यांवरच उभं राहावं लागणार. फरक वजनाचा आहे. हिमालयन १९६ किलो, एक्सपल्स १६८. हे २८ किलो म्हणजे घरचा भरलेला गॅस सिलिंडर. उतारावर, ओल्या जांभ्यावर, एकच चवडा टेकलेला असताना तो सिलिंडर आठवतो.

हायवेवर मात्र हिमालयन उजवी आहे, त्यात वाद नाही. ४५२ सीसी, ४० पीएस ताकद, १७ लिटरची टाकी. बायको मागं बसवून बंगळूरला जाणार असाल तर हे उत्तर इथंच सोडा आणि तीच घ्या. पण कागल म्हणजे एका बाजूनं वीसेक किलोमीटर. त्यात सहापदरीचं काम, डायव्हर्जन आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. शंभरनं जायला जागा कुठं मिळते? २१० सीसी लिक्विड-कूल्ड इंजिन आणि सहा गिअर एवढ्याला पुरून उरतात. पैशाचंही बघा: सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाडीवर ४०.

दोन्हींना पुढं २१ इंची चाक आहे, त्यामुळं खड्ड्यात, दगडात दोन्ही चालतात. मागं एक्सपल्सला १८, हिमालयनला १७. एक्सपल्सच्या स्पोकच्या चाकांत ट्यूब असते, म्हणून पंक्चरचं सामान आपलं आपण बाळगायचं: दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि २१ इंची एक ट्यूब. अडचणीत तीच ट्यूब मागच्या १८ इंची चाकातही कोंबून घर गाठता येतं, उलटं जमत नाही. कच्च्यात हवा थोडी कमी केली की पकड वाढते, पण ट्यूबवाल्या चाकात फार उतरवलीत तर दगडावर ट्यूब चिमटून फुटते. आणि डांबरीवर येताच परत भरा, हे आळसानं राहतं.

उंच मडगार्ड दिसायला विचित्र वाटतं. शिरोळकडच्या काळ्या मातीत एकदा पावसात जा, मग ते कशासाठी आहे कळेल. चाकाला चिकटलेलं मडगार्ड असेल तर माती दाबून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मागचा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद करायची सोय वापरायला शिका. सुट्या खडीच्या उतारावर एबीएस ब्रेक सोडत राहतो आणि गाडी खालीच जाते. बऱ्याच गाड्यांत किल्ली बंद केली की तो पुन्हा चालू होतो, चहाला थांबल्यावर हे विसरायला होतं.

एक मात्र पाळा. मसाई पठार संवर्धन राखीव आहे. तिथं गवतावर गाडी घालू नका. दाजीपूरच्या अभयारण्यात तर विचारच नको. पाणंदी पुष्कळ आहेत, फक्त बैलगाडी समोर आली तर इंजिन बंद करून बाजूला थांबा, बैल बुजतात.

जुनी मिळत असेल तर आधीची एक्सपल्स २०० फोरव्हीही वाईट नाही, मी आता तीच चालवतो. घेताना खाली वाकून इंजिनखालची प्लेट बघा. ओरखडे असणारच, पण ती आत चेपलेली नको. मग पान्ह्यानं एकेक स्पोक हलकेच वाजवा. घट्ट स्पोक ‘टण्’ वाजतो, ढिला ‘ठक्’ करतो. दोन-चार ठक् आले तर चाक फिरवून हलतंय का बघा आणि भाव पाडा.

दसऱ्याला वेळ आहे, तर टेस्ट राइड पाऊस चालू असतानाच मागा. आणि शोरूमवाल्याला विचारून, दोघांनी धरून, गाडी हळूच जमिनीवर झोपवून एकदा एकट्यानं उचलून बघा. तो हसेल, हसू द्या.