नरसंहार नव्हे, वंशोच्छेद

प्रश्न असा आला आहे: 'राजकीय हिंसाचार आणि जिनोसाइड या विषयांत आयुष्यभर संशोधन-अध्यापन केलेल्या प्राध्यापिकांची ओळख मराठीत कशी करून द्यावी? नरसंहारतज्ज्ञ चालेल का?'

चालणार नाही. 'तज्ज्ञ'चं नंतर बघू, आधी 'नरसंहार'. गोळीबारात वीस माणसं मेली की नरसंहार, युद्धात शहर बेचिराख झालं की नरसंहार, आणि आफ्रिकेतल्या रवांडात 1994 साली तुत्सी जमातीच्या लोकांना वेचून मारलं तोही नरसंहारच! या तिसऱ्या गोष्टीचं वेगळेपण सांगण्यासाठीच तर राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने 'जिनोसाइड' हा नवा शब्द घडवला. 1944 साली तो छापून आला. ग्रीक 'गेनोस' म्हणजे कुळ, वंश. आपल्या 'जन', 'जन्म'चाच भाऊबंद. त्याला लॅटिनमधला मारण्याचा प्रत्यय जोडला. किती मेले यापेक्षा कोणाला आणि कोणत्या हेतूने नष्ट करायला निघाले, हे त्यात महत्त्वाचं. संयुक्त राष्ट्रांच्या 9 डिसेंबर 1948 च्या कराराने अशी पाच कृत्यं सांगितली. गटात मुलं जन्मू न देणं आणि असलेली मुलं बळजबरीने दुसऱ्या गटाकडे देणं, ही त्यांतलीच दोन. तिथे एकही 'नर' मारला जात नाही, तरी गुन्हा तोच!

आता 'संहार'. मूळ अर्थ एकत्र आणणं, आवरून घेणं. ऋतुसंहार म्हणजे ऋतूंचा नाश नव्हे, ऋतूंचा समुच्चय. वेणीसंहार म्हणजे द्रौपदीची मोकळी सुटलेली वेणी पुन्हा बांधणं. निबंधाचा उपसंहार म्हणजे आवराआवर. सोडलेलं अस्त्र मागे घेणं हाही संहारच. केवढा सुंदर शब्द! विनाशाचा अर्थ त्याला चिकटला तो प्रलयामुळे: रुद्र सारी सृष्टी आवरून स्वतःत ओढून घेतो. म्हणून 'संहार' म्हटलं की काळ भरला, सगळं संपलं, असा भाव येतो. रवांडात काळ भरला नव्हता. ओळखपत्रावर जमात लिहिलेली होती, नाक्यानाक्यावर ती तपासली जात होती, रेडिओवरून चिथावणी चालू होती. हे माणसांनी ठरवून केलं.

'वंशविच्छेद'वाल्यांचंही मला पटत नाही. विच्छेद म्हणजे सुटं करणं. संधिविच्छेद केल्यावर दोन्ही पदं शाबूत राहतात की! हवा तो 'उच्छेद', मुळासकट उपटणं. आणि 'वंश' म्हणजे मुळात वेळू, बांबू. पेरामागून पेर, तशी पिढीमागून पिढी. बांबू वरून कितीही छाटा, जमिनीतल्या कंदाला पुन्हा कोंब फुटतो. बेट संपवायचं तर कंदच खणून काढावा लागतो. मुलं पळवण्याचं कलम करारात का आहे, हे या एका प्रतिमेतून लख्ख कळतं. 'वंशोच्छेद' इतका नेमका शब्द हाताशी असताना नरसंहार कशाला?

'वंश म्हटलं की धार्मिक गट सुटतात' असा आक्षेप घेतात. मग 'गेनोस'मध्ये तरी धर्म कुठे होता? करारानेच राष्ट्रीय, वांशिक गटांबरोबर धार्मिक गटही त्यात घेतले. सुटले ते राजकीय गट. कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने 1975 ते 1979 या काळात मारलेले बहुसंख्य लोक स्वतः ख्मेर वंशाचेच होते. तिथल्या विशेष न्यायालयाच्या 2018 च्या निकालात वंशोच्छेद सिद्ध धरला गेला तो चाम मुसलमान आणि व्हिएतनामी यांच्याबाबतीत. ही फट दाखवायला बार्बरा हार्फ आणि टेड गर या अभ्यासकांनी 1988 मध्ये 'पॉलिटिसाइड', म्हणजे राजकीय गटाचा उच्छेद, हा शब्द मांडला. त्याला मी 'पक्षोच्छेद' म्हणेन. पक्ष म्हणजे बाजू, निवडणुकीतला पक्ष नव्हे.

तेव्हा ओळखीत दोन्ही विषय राहू द्या: 'राजकीय हिंसाचार आणि वंशोच्छेद यांच्या अभ्यासक'. 'तज्ज्ञ' मात्र नको. शस्त्रक्रियातज्ज्ञ शस्त्रक्रिया करतो.