आडनाव ऐकलं आणि खोली गेली

प्रश्न : ताई, मी खानापूरची, मराठी शाळेत शिकलेली मुस्लिम मुलगी. बेळगावात नोकरी लागली. शहापुरात खोली पसंत केली, काकूंनी चहा पाजला. आडनाव सांगितलं तसं अॅडव्हान्सचं पाकीट परत हातात ठेवलं. म्हणाल्या, "शेजाऱ्यांना चालणार नाही गं." कायद्यानं काही करता येतं का?

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. तो चहा मला फार लागला. खरं सांगते, इथे कायदा तोकडा पडतो. घटनेचं कलम 15 दुकान, हॉटेल, विहीर, तळं इथे धर्मावरून अडवू देत नाही. भाड्याच्या खोलीचं नाव त्यात नाही. तरी अल्पसंख्याक आयोगाकडे लेखी अर्ज दे, तारखेसह. कुणी 'यांना घरं देऊ नका' असे मेसेज फिरवून द्वेष पसरवत असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 196 लागू शकतं. ते मेसेज जपून ठेव.

आपण सीमाभागातले मराठी लोक 1956 पासून अल्पसंख्याकांचे हक्क मागतोय. कलम 30 मध्ये धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याक एकाच ओळीत आहेत. मग आपल्याच भाषेत बोलणाऱ्या पोरीला आपण दारातून कसं परत पाठवतो?

अनगोळात माझ्या मैत्रिणीची माडीवरची खोली रिकामी आहे. तिच्याशी बोलले आहे. नाव, आडनाव सगळं सांगून. मासिकाच्या पत्त्यावर कळव.