दुर्मिळ झाडं वाचवणारे, तऱ्हेवाईक संशोधन करणारे कोण? सोलापुरात भाचीला शाळेत बोलायचंय

कार्लोस मॅग्डालेना द्या तिला, लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातला झाडं वाचवणारा माणूस. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावरचं ‘कॅफे मॅरॉन’ हे झाड नामशेष झालं असंच धरलं होतं. १९८० च्या सुमारास एका शाळकरी मुलाला शेवटचं एक सापडलं. क्यू उद्यानात त्याची फांदी जगली, फुलायची, पण बी धरेना. कार्लोस गड्याने फुलातल्या कुक्षीचं (पराग झेलणाऱ्या भागाचं) टोक कापून जखमेवरच पराग लावले. परत परत. शेवटी फळ धरलं! (आमच्या सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांना ही चिकाटी सांगायला नको.)

हसवायचं असेल तर केरळचे श्रीकुमार आणि निर्मलन. हत्तीची उंची आणि पुढच्या पावलाचा घेर मोजून अख्ख्या कातडीचं क्षेत्रफळ काढायचं सूत्र. त्याला २००२ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं बक्षीस!